जुन्या स्पोर्ट्स कारचा बंपर: कापणं, जोडणं आणि जोड टिकवणं

पुढच्या बंपरला खाली लिप, म्हणजे जादा पाळी, लावणं, हवेचं तोंड मोठं करणं, मागच्या बंपरचा खालचा भाग कापून नवा आकार देणं ही कामं बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले चांगले डेंटिंग-पेंटिंगवाले करतात. गाडी गॅरेजमधून बाहेर येते त्या दिवशी सगळीच कामं देखणी दिसतात. खरा निकाल एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर लागतो. जोडावर केसासारखी चीर दिसते, तिथून पाणी शिरतं, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि शेवटी लिपचं एक टोक लोंबायला लागतं. अशा वेळी पेंटरला दोष दिला जातो. पण बहुतेकदा चूक आधीच झालेली असते: दोन वेगळ्या जातींचं सामान एकमेकांना घट्ट चिकटवून वर लांबी (पुट्टी) भरलेली असते.

इथे डोळ्यांपुढे आहेत त्या साधारण १९९५ ते २००५ च्या गाड्या: होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर, फोर्ड आयकॉन १.६, फियाट पॅलिओ १.६. यांचे बंपर प्लास्टिकचे आहेत. गोव्यात बनलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म वेगळी. तिची बॉडीच फायबरग्लासची, त्यामुळे तिचे नियम पुढे फायबरच्या भागात सांगितले आहेत.

आधी जात ओळखा

बंपर काढल्यावर आतल्या बाजूला ठसा शोधा. पीपी, पीपी+ईपीडीएम किंवा टीपीओ असेल तर तो पॉलीप्रॉपिलीनच्या घरातला. एबीएस वेगळं, पीसी+पीबीटी वेगळं आणि पीयूआर म्हणजे पॉलीयुरेथेन त्याहून वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पीपी+ईपीडीएमचे. नव्वदच्या दशकातल्या काही आयात स्पोर्ट्स गाड्यांना पीयूआरचे बंपर असतात.

ठसा घासला गेला असेल तर आतल्या कडेची नखाएवढी कपची काढून साबणाच्या पाण्यात टाका. तरंगली तर पीपी. बुडाली म्हणजे पीपी नाहीच, असं मात्र समजू नका. टाल्क जास्त भरलेलं पीपीही बुडतं. मग दुसरी कपची चिमट्यात धरून मोकळ्या हवेत पेटवा. पीपी मेणबत्तीसारखं जळतं, थेंब गळतात आणि वासही मेणासारखाच येतो. एबीएसमधून काजळीचा काळा धूर निघतो. पीयूआरला तापलेलं सोल्डरिंग टोक लावलं तर ते वितळून वाहत नाही, बुडबुडे येऊन करपतं. म्हणून पीयूआरचं वेल्डिंग होत नाही, त्याला दोन भागांचा पॉलीयुरेथेन अॅडेसिव्हच लागतो.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता पुढे गेलात तर पुढची सगळी मेहनत नशिबावर सोडल्यासारखी होते.

जोड का तुटतो

दीड मीटर लांबीचा बंपर घ्या. पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत बंपरच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडतो असं धरा. गडद रंगाची गाडी उन्हात उभी असेल तर एवढा फरक सहज पडतो. या फरकाने पीपीचा बंपर लांबीत साधारण ५ मिमी वाढतो. तेवढ्याच लांबीची फायबरची लिप जेमतेम २ मिमी वाढते आणि मागचा लोखंडी बार १ मिमीसुद्धा नाही. म्हणजे फायबरची लिप पीपीच्या बंपरला पक्क्या अॅडेसिव्हने चिकटवली, वर लांबी ओढून जोड लपवला, तर रोज दुपारी खालचा तुकडा वरच्याला ३ मिमी मागे खेचतो आणि रात्री सोडतो. लांबी आणि रंग या दोघांनाही एवढी ओढाताण सोसत नाही. चीर आधी टोकांकडे येते, कारण मधल्या भागात सरक कमी आणि टोकाला सर्वात जास्त.

यावरून तीन वाटा निघतात.

पहिली, रबरी पट्टीची लिप. ईपीडीएम रबराची पट्टी बंपरच्या खालच्या पाळीला आतून स्क्रूने बसते. एका संध्याकाळचं काम. रंग नाही, लांबी नाही, गतिरोधकावर घासली तरी वाकून परत सरळ होते.

दुसरी, पीपीला पीपीच जोडणं. दुसऱ्या गाडीच्या भंगारातल्या, त्याच ठशाच्या बंपरची खालची पाळी कापून आपल्या बंपरला वेल्ड करायची. दोन्ही तुकडे एकाच दराने वाढतात, त्यामुळे जोड लपवता येतो आणि टिकतो. मेहनत जास्त आहे, पण आपल्या रस्त्यांसाठी आम्ही हीच वाट सुचवू.

तिसरी, फायबरची लिप वेगळी बनवून, वेगळी रंगवून, बोल्टने बसवायची आणि जोडाची रेघ उघडी ठेवायची. रेघ लपवायचा मोह टाळायला हवा. बोल्ट ६ मिमीचे. लिपच्या मधोमध एकच गोल भोक ठेवा. तिथून दोन्ही टोकांकडे जाताना भोकं आडवी लांबट करा, टोकाला ६ × १२ मिमी. प्रत्येक बोल्टखाली २० मिमीचा वॉशर लावा आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा) हलकासा आवळा. असं केलं की लिप मध्यात धरलेली राहते आणि टोकं मोकळी सरकतात.

काढणं आणि मोजणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅग असलेली गाडी असेल तर त्यानंतर १० मिनिटं थांबा, कारण काही गाड्यांत टकरीचा सेन्सर पुढे बंपरच्या मागेच असतो. चाकाच्या आतल्या लायनरचे स्क्रू, मडगार्डकडच्या कोपऱ्यातले स्क्रू, वरच्या क्लिपा, खालच्या क्लिपा या क्रमाने जा. वीस वर्षांच्या क्लिपा बिस्किटासारख्या मोडतात. हीट गन दुरून फिरवून त्या कोमट करा आणि तरीही वीसेक नव्या क्लिपा आणून ठेवा. स्क्रू थर्माकोलच्या तुकड्यावर बंपरच्या आकारातच खोचले की परत लावताना गोंधळ होत नाही. फॉग लॅम्पचे कनेक्टर ओढू नका, आधी लॉक दाबा.

मागे लोखंडी बार आणि बहुधा त्याच्यावर फोमचा ठोकळा दिसेल. या दोन्हींना हात लावायचा नाही. मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) किंवा जाळी बसावी म्हणून बार कापलेल्या गाड्या दिसतात. बंपर म्हणजे फक्त कातडी आहे. टक्कर घेणारं हाड हेच. बार आधीच वाकलेला असेल तर गाडीने पुढून मार खाल्लेला आहे. मग चॅसिसच्या दोन्ही लेगच्या (पुढे आलेल्या लांब दांड्यांच्या) टोकांपासून मागच्या ठरावीक भोकांपर्यंत तिरकी मापं घ्या. दोन्ही तिरप्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी तिथलं काम करा. वाकड्या गाडीला सरळ बंपर बसत नाही.

लिप किती खाली न्यायची हे जमिनीवरून मोजून ठरवा. पुढचं चाक जमिनीला टेकतं तिथून लिपचं टोक ६०० मिमी पुढे आणि १५० मिमी उंच असेल तर चढणीचा कोन (लिप न घासता गाडी चढेल तो) सुमारे १४ अंश मिळतो. तीच लिप ११० मिमीवर आणली की कोन साडेदहा अंशांच्या खाली येतो. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असेल तर गाडी सहज जाते. पण गावांच्या तोंडाशी घातलेले उंच, अरुंद उंचवटे त्या मापात बसत नाहीत आणि रोज त्यांच्यावरूनच जायचं असतं. त्यामुळे दोन माणसं आणि भरलेली टाकी असताना १५० मिमीच्या खाली जाऊ नका. उसाच्या हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात ट्रॉल्यांतून पडलेली कांडी रस्त्यावर असतात. खाली आलेली लिप त्यांना आत ओढते आणि ती लायनरमध्ये अडकतात.

कापणं

पुठ्ठ्यावर अर्ध्याच बंपरचा नमुना काढा आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरा. दोन्ही बाजू हाताने वेगवेगळ्या आखल्या तर त्या कधीच जुळत नाहीत. मास्किंग टेपवर रेघ मारा, म्हणजे काप स्वच्छ येतो आणि रंगावर ओरखडे पडत नाहीत.

प्रत्येक आतल्या कोपऱ्यात आधी भोक पाडून कोपरा किमान १० मिमी त्रिज्येचा गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. जिगसॉ वापरत असाल तर सर्वात कमी वेगावर चालवा. वेग वाढला की पीपी वितळून पात्यामागे परत चिकटतं. रेघेच्या आत २ मिमी सोडून कापा, उरलेलं कानसीने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणा.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी एक गोष्ट म्हणजे आत वळलेली पाळी. कंपनीच्या तोंडाची कड आत वळलेली असते आणि तिच्यामुळेच अडीच-तीन मिमीचं प्लास्टिक ताठ राहतं. तोंड मोठं करताना ती पाळी कापली जाते आणि महामार्गावर ९० च्या वर कड फडफडायला लागते. म्हणून नव्या कडेच्या आतून २० मिमी रुंद पीपीची पट्टी काटकोनात वेल्ड करा. जाळी अॅल्युमिनियमची घ्या आणि याच पट्टीला बसवा. फार बारीक जाळी रेडिएटरची हवा अडवते. चोर्ला घाट चढताना इंजिन तापलं तर आधी जाळी पाहा.

पीपीचं वेल्डिंग

वेल्डिंगची रॉड बाजारात मिळते, पण उत्तम रॉड म्हणजे त्याच बंपरमधून कापलेल्या ४ मिमी रुंद पट्ट्या. रसायन तंतोतंत जुळतं.

दोन्ही तुकडे बाहेरून अॅल्युमिनियम टेपने सपाट धरा. जोडाला आतून व्ही आकाराची खाच पाडा, साधारण ६० ते ९० अंशांची आणि जाडीच्या दोन-तृतीयांश खोल. आधीच चीर गेलेली असेल तर तिच्या शेवटाच्या थोडं पुढे ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर वेल्ड केल्यावरही ती पुढे पळते. खाच केल्यावर हाताचं तेल लागू देऊ नका.

गरम हवेच्या गनला बारीक नोजल लावून पीपीसाठी ३०० अंशांच्या आसपास ठेवा, एबीएससाठी ३५० जवळ. पट्टी आणि खाच दोन्ही एकाच वेळी ओलसर चमकली पाहिजेत, मगच पट्टी दाबत पुढे सरका. फक्त पट्टी वितळली आणि खाच थंड राहिली तर वेल्ड वरून छान दिसतो, पण नखाने उचकटला की अख्खी पट्टी निघते. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला तर उष्णता जास्त. जळालेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, ते खरवडून काढून पुन्हा भरा.

आतून भरल्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग टोकाने जोडावर बुडवा आणि तिच्यावर पीपीचा थर द्या. साधी लोखंडी जाळी वापरू नका. पावसाचं पाणी पोचलं की ती गंजून फुगते आणि जोड आतून उचलते. गरम स्टेपल मारत असाल तर ०.६ ते ०.८ मिमीच्या पिना एकाआड एक तिरक्या मारा, आतूनच, आणि बाहेर पोचणार नाहीत एवढ्याच खोल. आतली बाजू थंड झाल्यावरच टेप काढा आणि बाहेरून तशीच, पण उथळ खाच करून भरा. पंख्याने किंवा पाण्याने घाईत थंड केलं तर बंपर पिळवटतो.

अॅराल्डाइट, फेविक्विक आणि साधी पत्र्याची लांबी यांतलं काहीही पीपीवर टिकत नाही. पीपीचा पृष्ठभाग मेणकट असल्याने ती नुसती वर बसलेली असतात, धरलेली नसतात.

फायबरचं काम

लिप १.५ मीटर लांब आणि पसरून २० सेंमी रुंद धरली तर क्षेत्र ०.३ चौरस मीटर होतं. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे (तुकडे केलेल्या काचेच्या धाग्यांच्या चटईचे) तीन थर म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम मॅट. पॉलिस्टर रेझिन वजनाने मॅटच्या सव्वादोन ते अडीच पट, म्हणजे साधारण १ किलो. रेझिन जास्त झालं की लिप जड होते पण मजबूत होत नाही. ती काचेसारखी तडकते.

हार्डनर उन्हाळ्यात १ टक्का, थंडीत २ टक्क्यांपर्यंत. एका वेळी ३०० ते ४०० ग्रॅमच कालवा. एप्रिलच्या दुपारी पूर्ण किलो एकदम कालवला तर मॅटवर लावायच्या आधी डबा तापून धूर सोडतो. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आधीच घातलेलं आहे का, हे विकत घेताना विचारा. नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा आणि नंतर हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा आणि दोन्हींसाठी एकच मापपात्र वापरू नका.

साच्यावर मेणाचे चार-पाच हात, वर पीव्हीए (लिप साच्यातून सुटावी म्हणून पातळ थर), मग जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर). जेलकोट बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत पहिला थर घाला. पहिला थर ३०० ग्रॅमच्या पातळ मॅटचा घेतला तर कोपऱ्यांत हवेचे फुगे कमी राहतात. रोलर फिरवत राहा. आत राहिलेला फुगा उन्हात फुगतो आणि रंगाला फोड येतो.

सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत फायबरला फायबर जोडायला हरकत नाही, तिथे वाढीचा फरक नसतो. मात्र जोडाच्या दोन्ही बाजूंनी ५० मिमीपर्यंत उतार देऊन घासा. जुना जेलकोट आणि रंग पूर्ण काढून फायबरचे धागे दिसेपर्यंत जा. रंगावर लावलेली मॅट पहिल्याच खड्ड्यात सुटते. पूर्ण फायबरचा बंपर पीपीच्या गाडीला लावायचा विचार असेल तर एवढं ध्यानात असू द्या: पार्किंगमधल्या हलक्या धक्क्याला पीपी आत जाऊन परत येतं, फायबर तुटतं.

बसवून पाहा, मगच रंग

प्रायमरच्या आधी बंपर गाडीवर पूर्ण बसवा. बोनेट बंद, हेडलाइट जागेवर, चारही चाकं जमिनीवर. जॅकवर उचललेल्या गाडीवर मापं घेऊ नका. मडगार्डकडची फट दोन्ही बाजूंना सारखी, ४ ते ५ मिमी असावी. सकाळी गारव्यात फट अगदी घट्ट जुळवली तर दुपारी बंपर मडगार्डला टेकतो आणि कडेचा रंग उडवतो. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून लायनरला लागत नाही ना, ते पाहा.

रंग

धुणं, घासणं, पुन्हा पुसणं हा क्रम चुकवू नका. डॅशबोर्ड-टायर पॉलिशमधलं सिलिकॉन पीपीत मुरलेलं असतं आणि त्यामुळे रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. साबणाने धुवा, मग प्लास्टिक क्लीनर लावा आणि तो सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. पाणी शिंपडून पाहा. सलग पसरलं तर पृष्ठभाग तयार, थेंब झाले तर पुन्हा.

उघड्या पीपीवर अॅडहिजन प्रमोटरचे (रंग धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे) दोन अगदी पातळ हात हवेतच, मग लवचिक बंपर पुट्टी. एका थरात २-३ मिमीपेक्षा जास्त नको. पेपर १८०, ३२०, ४०० असा न्या. पीपी घासताना त्याला बारीक केस उठतात. ते ४०० च्या वॉटर पेपरने ओलं घासून बसवा. पुट्टी घासताना पुन्हा पीपी उघडं पडलं तर तिथे प्रमोटर परत मारा. सर्वात जास्त पापुद्रे याच ठिकाणी सुटतात. प्रायमर आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) दोन्हींत लवचिकपणाचं मिश्रण डब्यावरच्या प्रमाणात घाला. भट्टीत ६० अंशांच्या वर नेऊ नका आणि बंपर स्टँडवर पूर्ण टेकवा, नाहीतर मधून झोल पडतो. दोन भागांच्या रंगातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करतं. रुमाल किंवा धुळीचा मास्क पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्कच लागतो.

वीस वर्षं ऊन खाल्लेल्या गाडीचा रंग कोडप्रमाणे जुळत नाही. कार्डावर फवारून ते मडगार्डशेजारी बाहेरच्या उजेडात धरून पाहा. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत काढा. जून ते सप्टेंबर बेळगावच्या दमट हवेत उघड्या शेडमध्ये मारलेल्या रंगावर पांढुरकी छटा धरते, खानापूरकडे तर आणखीच.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही आणि कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून गाडीची लांबी-रुंदी वाढू देऊ नका, इंडिकेटर आणि दिवे मूळ जागीच ठेवा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट पूर्ण दिसेल अशी जागा आखणीतच सोडा. लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत. तो लावूच नका. केए-२२, केए-२३ ची (बेळगाव, चिकोडीची) गाडी कोगनोळीची राज्यसीमा ओलांडून कोल्हापूरला गेली तरी कायदा तोच. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

बसवल्यानंतर

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट तपासा. आवळायचे नाहीत, सैल झालेत का तेवढंच पाहायचं, कारण सरकण्यासाठीच ते हलके ठेवले आहेत. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ला रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात वेगाने गेलात तर पाणी लिपला खालून मागे ढकलतं आणि तिच्यावरचा सर्वात मोठा भार तोच असतो. अशा प्रवासानंतर टोकाकडचे दोन बोल्ट आणि लायनरच्या क्लिपा हाताने हलवून पाहा. कापलेले पीपीचे तुकडे मात्र फेकू नका. पिशवीत घालून, वर ठशाचं नाव लिहून डिकीत ठेवा. पुढच्या दुरुस्तीला लागणारी रॉड त्यांतूनच निघेल.